माझे मानपत्र मीच लिहावे म्हणतात

२९ डिसेंबर २००२, रविवार

माझे मानपत्र मीच लिहावे, असे ठरले आहे. ठरवणारे पाच जण, पाचही माझे विद्यार्थी. त्यांतल्या एकालाही यात काही वावगे दिसले नाही!

हौशीराम सकाळी दहाला आला. पंच्याऐंशीच्या बॅचचा, तर्कशास्त्रात दोनदा नापास. आता रांजणगावच्या कारखान्यांना कामगार पुरवतो आणि माजी विद्यार्थी संघाचा अध्यक्ष आहे. ज्युनिअर कॉलेजचा रौप्यमहोत्सव — एक वर्ष उशिरा, नेहमीप्रमाणे — दोन फेब्रुवारीला. त्यात माझा सत्कार. शाल, श्रीफळ, मानपत्र.

"बाई, मानपत्राचं तेवढं तुम्हीच बघा."

"कोणाच्या?"

"तुमच्याच की! आतापर्यंत समद्यांचं तुम्हीच लिव्हलं. आता ऐन टायमाला दुसरा कोन धरायचा?"

मी म्हटले, आरोपीनेच निकाल लिहावा, तसे झाले हे. तो मनापासून हसला. "आवो, निकाल तर आमी आदीच लावलाय. तुम्ही फकस्त मजकूर द्या."

मी होकार दिला.

३० डिसेंबर

होकार का दिला? स्वतःला विचारले आणि उत्तर आवडले नाही. दुसऱ्या कोणी लिहिले असते, तर पहिल्याच ओळीत 'ज्ञानदानाचे पवित्र कार्य' आले असते, आणि शुद्धलेखनाच्या सात चुका. स्वतःविषयीचे वाईट मराठी मला ऐकवले नसते. म्हणजे सत्कार चालतो, चुका चालत नाहीत. याला कोणी नम्रता म्हणेल तर तो मूर्ख.

दोनशेहून अधिक मानपत्रे लिहिली आजवर. साखर कारखान्याचे संचालक, सरपंच, डॉक्टर, पैलवान, दोन कीर्तनकार, एक निवृत्त कंडक्टर. ज्यांना स्वतःच्या दारातले गटार दिसत नव्हते, त्यांना मी 'दूरदृष्टीचे' म्हटले आहे. ज्यांनी शाळेची जागा दाबली, त्यांना 'शिक्षणप्रेमी'. मानपत्राखाली लिहिणाऱ्याचे नाव नसते. 'आपले नम्र, समस्त ग्रामस्थ' असते. ही सोय मला फार मानवली. खोटे मी लिहायचे, आणि ते समस्त ग्रामस्थांच्या अंगावर घालून मोकळे व्हायचे.

२ जानेवारी २००३

जास्मिन — माझा धाकटा भाऊ इनुस याची मुलगी — कारेगावजवळच्या एका कारखान्यात ऑफिसात आहे. काल त्यांना कामाऐवजी ट्रेनिंग होते. विषय: स्वतःवर प्रेम करायला शिका! पुण्याहून टाय लावलेला एक गृहस्थ आला होता. त्याने प्रत्येकाला हातात मावेल एवढा आरसा दिला. रोज सकाळी त्यात पाहून तीनदा म्हणायचे, मी मौल्यवान आहे.

"फुफी, हसू नका. सर म्हनले, सुरवातीला खोटं वाटतं. मग हळूहळू खरं होतं."

"अफवांचेही तसेच असते."

मी तिला समजावले. विधान तीनदा उच्चारल्याने सिद्ध होत नाही. मी मौल्यवान का? कारण मी तसे म्हणते. तसे का म्हणते? कारण मी मौल्यवान आहे. हा चक्रक दोष. अकरावीच्या मुलाने उत्तरपत्रिकेत असे लिहिले असते तर शून्य दिले असते. दिलेली आहेत.

तिने आरसा पर्समध्ये टाकला. "तुमच्याशी बोललं की तोंडी परीक्षेला बसल्यावानी वाटतं."

योग्य वाटते.

५ जानेवारी, रविवार

सबंध सकाळ मानपत्राला दिली. फलित असे.

'विद्यार्थिप्रिय' — खोडले. पुरावा नाही, विरुद्ध पुरावा विपुल. हौशीराम चाळिशीला आला तरी माझ्यापुढे खुर्चीच्या कडेवर बसतो.

'व्यासंगी' — निवृत्तीनंतरच्या आठ वर्षांत काय वाचले ते आठवून पाहिले. खोडले.

'कुशल प्रशासक' — मला प्राचार्य केले नाही. दोनदा. खोडले.

'मृदुभाषी' लिहिलेच नाही. जास्मिनने भिंतीपलीकडून ऐकले असते तरी हसली असती.

'निःस्वार्थी'. इथे पेन थांबले. खोडले नाही, ठेवलेही नाही.

कारखान्याच्या संचालकाच्या मानपत्राला मला वीस मिनिटे लागत.

६ जानेवारी

आजही कोरा कागद. कोऱ्या कागदात निदान चूक नाही.

११ जानेवारी, शनिवार

जास्मिनने न विचारता तो कागद उचलला आणि मोठ्याने वाचला, खोडलेल्या शब्दांसकट. या पिढीला खोडलेले वाचू नये हेही कोणी शिकवले नाही.

"ह्यातलं एक बी टिकलं न्हाई, फुफी?"

"टिकण्याजोगे नव्हते."

"आन् हे — प्राचार्य केलं न्हाई, म्हंजी तुम्हाला कारभार जमत न्हाई. हे कुठं सिद्ध झालं?"

"संस्थेने दोनदा दुसऱ्याला नेमले."

"दुसरा कोन व्हता?"

"पहिल्यांदा चेअरमनचा मेहुणा. दुसऱ्यांदा व्याही."

"मग? ह्याच्यातनं तुमच्याबद्दल काय निगालं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि लक्षात आले, काहीच निघत नाही. आधारविधान खरे, निष्कर्षाशी त्याचा संबंध शून्य.

"चांगलं काय दारात आलं," ती म्हणाली, "तर तुम्ही त्याला पुरावा मागता, कागदं मागता. वाईट आलं की लगेच बसा म्हनता, चहा टाकता!"

मी म्हटले, आरशाशी बोलणाऱ्यांनी मला अनुमान शिकवू नये. ती पाय आपटत गेली.

मग तासाभराने मला मान्य करावे लागले — इथे, तिच्यापुढे नव्हे — की तिचे बरोबर आहे. तेहतीस वर्षे मुलांना सांगत आले: संशय घ्यायचा तर दोन्ही बाजूंवर सारखा घ्या. स्वतःच्या बाबतीत मात्र गुणांची उलटतपासणी केली आणि दोषांना न विचारता आत घेतले. हा कडकपणा नव्हे. हा पक्षपात आहे, केवळ उलट्या दिशेचा. आणि तो कोणी पकडला? बारावीला तर्कशास्त्रात बेचाळीस गुण मिळवणाऱ्या मुलीने!

१४ जानेवारी, संक्रांत

शेजारची रंगुबाई तिळगूळ घेऊन आली.

"बाई, तुमचा सत्कार हाय म्हनं! व्हायलाच पायजे. भावापायी लगीन न्हाई केलं तुम्ही. आन् आमच्या सुना बघा, एकमेकीला चहाचा कप इसळून देत न्हाईत."

मी तिळगूळ घेतला. या विषयावर मी कधीच काही बोलत नाही.

'निःस्वार्थी'पाशी पेन का थांबले, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

१६ जानेवारी

लिहून टाकते. या वहीखेरीज कुठे लिहिलेले नाही, कोणाला सांगितलेले नाही.

१९६२. मी सव्वीस वर्षांची. अब्बा दोन वर्षांपूर्वी गेले होते. मी हायस्कुलात शिक्षिका म्हणून लागले होते. इनुस एकोणीस वर्षांचा, पुण्याला कॉलेजात जाण्याच्या तयारीत. दौंडच्या मामूंनी स्थळ आणले. मुलगा रेल्वेत, घर स्वतःचे, माणूस देखणा आणि सभ्य. आमच्या अम्मांनी — हुसेनबींनी — मनातल्या मनात मांडवसुद्धा घातला होता. मी मामूंना परस्पर नकार कळवला.

नकाराचे कारण आमच्या शिरूर गावाने ठरवले. धाकट्या भावाचे शिक्षण! इशरत सासरी गेली तर घर कोण चालवणार, पोराला कोण शिकवणार? आठ दिवसांत ही कथा बाजारपेठेपासून घोडनदीपर्यंत पोचली. अम्मांनीच पसरवली असावी. नकाराची लाज झाकायला त्यांना काहीतरी हवे होते.

खरे कारण असे. शाळेतून आले की मी वरच्या खोलीत जाऊन दार लावून घेत असे. दुसऱ्या दिवशीच्या तासांची टिपणे काढत असे. दोन तास कोणी हाक मारत नसे. मुलाला एखादी गोष्ट समजत नसेल तर ती तीन निरनिराळ्या मार्गांनी कशी सांगता येईल, हे शोधायचे, आणि तिसरा मार्ग सापडला की एकटीनेच खोलीत हसायचे. ते दोन तास मला कोणत्याही देखण्या माणसापेक्षा प्रिय होते. बस, इतकेच. भावाचे शिक्षण माझ्या मनातही नव्हते. त्याला शिष्यवृत्ती मिळाली होती.

मला हवे ते मी केले आणि लोकांनी त्याला त्याग म्हटले. मी हो म्हटले नाही. नाहीही म्हटले नाही. तर्कशास्त्र मौनाला विधान मानत नाही. शिरूर मानते, आणि मला ते माहीत होते.

म्हणजे दोनशे मानपत्रांआधी एक मानपत्र होते. माझेच. चाळीस वर्षे मी ते भिंतीवर मिरवले.

१९ जानेवारी, रविवार

मी खोलीत आले की इनुस उभा राहतो. साठ वर्षांचा माणूस, एसटीत ड्यूट्या करून दोन्ही गुडघे गेलेले. तरी खुर्चीचा हात धरून उठतो. पहिली भाकरी माझ्या ताटात, मटणातला चांगला तुकडा माझ्या ताटात. त्याची बायको हयात असताना तिने एकदा याबद्दल कुरकुर केली. तो दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

मला त्या उठण्याचा तिटकारा आहे. उपकाराखाली वाकलेला माणूस पाहवत नाही — त्यातून न केलेल्या उपकाराखाली! मनातल्या मनात मी त्याला चाळीस वर्षे भोळा म्हणत आले आहे. आणि चाळीस वर्षे ती पहिली भाकरी खात आले आहे.

आता प्रश्न नीट मांडते.

मानपत्रात त्याग लिहिला, तर ते खोटे. दुसऱ्याविषयी खोटे लिहिणे हा माझा धंदा होता; स्वतःविषयी लिहिलेले खोटे फ्रेम करून घरी आणणे हा निव्वळ निर्लज्जपणा होईल.

त्याग वगळला, तर आज ना उद्या इनुस विचारील, आणि मला सांगावे लागेल. ज्यासाठी तो उठून उभा राहतो ते घडलेच नव्हते, हे त्याला कळेल. मग तो कशाला उठेल? आणि मग मी या घरात कोण? एक तिरसट म्हातारी, जिने वरची खोली अडवून ठेवली आहे.

म्हणजे प्रश्न सत्काराचा नाहीच. त्याग वजा केला तर माझी किंमत काय उरते, हा आहे. सदुसष्टाव्या वर्षी मला याचे उत्तर माहीत नाही. आणि ते इनुसच्या गुडघ्यांवर अवलंबून असावे, याची मला चीड येते.

२१ जानेवारी

मार्केट यार्डापाशी बाळासो भेटला. कवठे येमाईचा, एकोणऐंशी सालच्या अकरावीतला. कांद्याच्या ट्रकवरून उडी मारून आला आणि वाकून नमस्कार केला. लोक बघत होते.

"बाई, तुमचा सत्कार हाय ना? म्या येनार. तुमची एक गोष्ट म्या अजून समद्यांना सांगतो."

मनाची तयारी केली. त्याग येणार.

"तुम्ही एक दिस आमाला कायतरी उलटं शिकवलं व्हतं. दुसऱ्या दिशी वर्गात आलात आन् म्हनलात, काल मी चुकले, वह्या काढा, खोडा. आमच्या बापानं कवा चूक कबूल केली न्हाई, बाई. मास्तर लोक तर लांबच. तवापासनं म्या धंद्यात चुकलो तर चुकलो म्हनतो. लोक माझ्याकडं परत येत्यात."

मी विचारले, तर्कशास्त्रात किती गुण होते? "अठ्ठावीस!" तो अभिमानाने म्हणाला.

म्हणजे शिकवलेला विषय डोक्यात राहिला नाही. न शिकवलेले राहिले. घरी येऊन ट्रंक उघडली. टिपणांच्या वह्यांत ती सापडली — ४ सप्टेंबर १९७९, व्याप्तीचे उदाहरण, लाल शाईत 'चूक. उद्या वर्गात सांगणे.' 

पुरावा. बाहेरचा, आणि न मागता आलेला.

२३ जानेवारी

झाले. चार वाक्ये.

'श्रीमती इशरत आतार यांनी तेहतीस वर्षे अध्यापन केले. तयारी केल्यावाचून त्या एकदाही वर्गात गेल्या नाहीत. शिकवताना चूक झाली, तर दुसऱ्या दिवशी वर्गापुढे कबूल करून ती त्यांनी दुरुस्त केली. हे काम त्यांना अतिशय आवडत असे आणि ते त्यांनी स्वतःच्या आनंदासाठी केले.'

पहिल्याला सेवापुस्तक आहे. दुसऱ्याला ट्रंकभर वह्या. तिसऱ्याला बाळासो. चौथ्याला साक्षीदार एकटी मीच — तीही हितसंबंध असलेली. तरी साक्ष ग्राह्य धरली. ते एक वाक्य लिहायला अख्खा दिवस गेला. 'स्वतःच्या आनंदासाठी' हे तीन वेळा खोडले, तीन वेळा पुन्हा लिहिले.

जास्मिनला दाखवले. तिने दोनदा वाचले.

"हे तुम्ही तीनदा म्हनलात तरी चालंल."

"एकदा पुरे."

"आरसा आनू का, फुफी?"

"चालती हो!"

ती हसत गेली. मलाही — असो.

२४ जानेवारी

मजकूर ज्ञानूच्या छापखान्यात दिला. आता तिथे कॉम्प्युटर आहे. खिळे जुळवण्याचा आवाज गेला, शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या.

"बाई, एवढंच?"

"एवढेच."

"फ्रेम दोन फुटाची हाय. चार ओळीत रिकामी दिसंल. लोक म्हनतील, बाईंच्यात सांगन्यासारखं काय नव्हतं का?"

"अक्षरे मोठी कर."

त्याने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि मान डोलावली.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला प्राचार्यांनी माझी ओळख 'त्यागाचा जिवंत आदर्श' अशी करून दिली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलांना थंडी वाजत होती.

३० जानेवारी

इनुसला विचारण्याची वेळ येऊ नये. आपणच आधी सांगावे, हे न्याय्य. म्हणून अंगणात गेले. तो कुंड्यांना पाणी घालत होता. मला पाहताच बादली खाली ठेवली, ओला हात लेंग्याला पुसला, ताठ उभा राहिला.

"काय पायजे, आपा?"

"काही नाही. बस."

तो बसला नाही. मी तशीच वर आले.

भित्री! हे विशेषण मात्र पुराव्यासह मंजूर.

२ फेब्रुवारी, रविवार

आजचे सगळे क्रमाने लिहिते.

कॉलेजच्या मैदानावर मांडव. सातशे-आठशे माणसे. दीड तास भाषणे. त्यात विचार नावाची वस्तू एकदाच आली, तीही माइक बंद असताना. पहिल्या रांगेत इनुस, इस्त्रीचा पांढरा सदरा, शेजारी जास्मिन.

मानपत्र वाचायला हौशीराम उभा राहिला. माझी चार वाक्ये त्याने रस्त्यातले खड्डे चुकवावेत तशी घाईने संपवली. मग थांबला, श्वास घेतला, आवाज चढवला — आणि पुढे वाचू लागला!

'हे त्यागमूर्ती! आपल्या संसाराची वेल स्वहस्ते खुडून आपण भावंडांच्या आयुष्याचा मळा फुलवलात! स्वतः चंदनासम झिजून...'

मी शब्द ओळखले. ते माझे होते. १९८१ मध्ये एका अविवाहित परिचारिकेच्या निरोप समारंभासाठी मीच लिहिलेला परिच्छेद. ज्ञानूने जपून ठेवला आहे. लग्न न केलेली बाई सत्काराला आली की लावतो. फ्रेम भरली होती. वरपासून खालपर्यंत, कडेच्या सोनेरी वेलबुट्टीला टेकेपर्यंत.

टाळ्या. शाल. नारळ. फोटोसाठी तीन वेळा तोच नारळ परत घ्यायला लावला.

उत्तराचे भाषण लिहून नेले होते, ते पर्समध्येच ठेवले. म्हणाले ते असे, शक्य तितके शब्दशः:

"पहिली चार वाक्ये खरी आहेत. पुढचा परिच्छेद खोटा आहे. तो मीच लिहिला आहे, बावीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका बाईंसाठी. त्यांच्या बाबतीत तरी तो खरा होता का, हे मी तेव्हा विचारले नाही. मी त्याग केलेला नाही. भावाच्या शिक्षणासाठी मी लग्न टाळलेले नाही. मला लग्न नको होते. मला माझी खोली, माझा वर्ग आणि माझी टिपणे हवी होती. ती मला मिळाली. मी सुखात जगले. एवढ्यासाठी शाल देणार असाल तर ठेवते. नसाल तर आताच परत घ्या."

मग टाळ्या — आधीपेक्षा दुप्पट! हौशीरामने माइक ओढून घेतला. त्याचे डोळे भरले होते.

"बघा मंडळी, बघा! केवढा हा मनाचा मोठेपणा! एवढा त्याग केला, आन् कबूल बी करीत न्हाईत!"

आयुष्यात इतके स्पष्ट विधान मी केले नव्हते, आणि आठशे माणसांनी एकमुखाने त्याचा उलटा अर्थ काढला. त्यांतल्या निम्म्यांना अनुमान मी शिकवले आहे!

एकाच माणसाने टाळ्या वाजवल्या नाहीत. इनुस मान खाली घालून बसला होता. परतताना रिक्षात तो बाहेर बघत बसला. जास्मिनने एकदा माझा हात दाबला. मी तो काढून घेतला नाही.

दिवेलागणीला त्याच्या खोलीच्या दाराशी गेले. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी आल्याचे त्याला कळले, पाठ हलली. उठला नाही.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मला हेच हवे होते ना? कोणाच्या भोळेपणाचा टेकू नको. ठीक. टेकू काढला आहे आणि मी पडलेली नाही. मघापासून स्वतःला तपासते आहे. लाज वाटत नाही. बोललेल्यातला एक शब्द मागे घ्यावासा वाटत नाही. त्याग वजा जाता जे उरले ते फार मोठे नाही. पण ते माझे आहे, आणि मला ते — तीनदा नव्हे, एकदाच लिहिते — आवडते.

जेवताना भाकरी मी माझ्या हाताने वाढून घेतली. ती मात्र अर्धी तशीच राहिली.

३ फेब्रुवारी

सकाळी इनुस स्वतः चहा घेऊन वर आला. बशीत सांडला होता.

"आपा, तुमचं नकाराचं पत्र मामूंकडं मीच दौंडला नेऊन दिलं व्हतं. यष्टीत उघडून वाचलं मी. माफ करा."

मी विचारले, मग ती भावाच्या शिक्षणाची कथा?

"मीच सांगितली. अम्मांना बी मीच, आन् गावाला बी. त्या वक्ताला पोरगी नुसती नको म्हनली असती, तर लोकांनी तुम्हाला जगू दिलं नसतं. नोकरी बी ऱ्हायली नसती. माझं नाव घातलं की समदे गप."

"काल पाठ फिरवून का पडलास?"

"गुडघा आखडला व्हता." मग बशीतला चहा परत कपात ओतत, "आन् जरा रडू बी आलं."

"आणि मी आले की उभा का राहतोस?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू म्हणत होता, इतका साधा प्रश्न तर्कशास्त्राच्या बाईंनी विचारावा! "आवडता तुम्ही मला, म्हनून."

पत्रातली एक ओळ त्याला अजून पाठ आहे. मला आठवत नव्हती. त्याने ती उभ्यानेच म्हणून दाखवली. सव्वीस वर्षांच्या मुलीने मामूंना लिहिले होते: मुलात काही दोष नाही; मला माझे आयुष्य पसंत आहे.